सोळावर मागितलेलं पान

आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि मला लिहिता येऊ लागलं तोवर तू गेलेली होतीस. म्हणजे हे पत्र पोचायचा प्रश्न पहिल्यापासूनच नाही. तरी लिहिते आहे, कारण मला तुझ्या सुनेबद्दल बोलायचं आहे, आणि तिच्याबद्दल मी जे बोलेन ते ऐकून घेणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. दादाजवळ बोलावं तर तो बायकोचा. माझ्या सुनांजवळ बोलावं तर त्या एकमेकींकडे पाहून हसतात, त्यांना ती फार आवडते. सगळ्यांनाच आवडते. परवा इथं अकोल्याला नातवाची मुंज झाली, तिला ती अमरावतीहून आली. दादाचे गुडघे धरलेत म्हणून तो आला नाही, ही मात्र आली. आत्ता या दुपारी माझ्याच माजघरात माझीच उशी डोक्याखाली घेऊन झोपली आहे आणि चांगली घोरते आहे. केस माझ्यापेक्षा कमी पिकलेत तिचे, दात माझ्यापेक्षा जास्त शाबूत आहेत. तेही मी पाहून घेतलं.

काल काय झालं ते आधी सांगते. पाहुणे पांगले, जेवणं उरकली, आणि माझ्या मोठ्या नातीनं पत्ते काढले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, ती लगेच पुढं सरकली. "एकवीस येते का व तुमाले?" पोरींना कुठलं यायला. मग तिनं शिकवायला घेतलं. दोन-दोन पानं वाटायची. चित्राचे दहा, एक्क्याचे एक नाहीतर अकरा, आपल्याला सोयीचे पडतील ते. हवं तर आणखी पान मागायचं, नको तर थांबायचं, आणि एकविसाच्या वर गेलं की फुटलं. वाटणारीनं आपलं एक पान उताणं ठेवायचं, आणि सगळ्यांचं झालं की सतरा होईपर्यंत तिनं घेत राहायचं, तिथं तिची मर्जी चालत नाही. माझ्या नातीला पहिल्याच हाताला सोळा आले. पोर गोंधळली. सोळा म्हणजे धड ना इकडचे ना तिकडचे. थांबावं तर कमी, मागावं तर फुटायची भीती. तिनं विचारलं, "सोळावर बसू की मागू?" तर तुझी सून म्हणाली, "आपलंच पान काय पाहून राहिली? वाटणारीचं पान पाह्य. तिले घेणं भाग आहे, तुले नाही." माझ्या अंगाची लाही लाही झाली. तुझं वाक्य होतं ते, आई. 'भाग' या शब्दावर तू जोर द्यायचीस तोसुद्धा तसाच. माझ्या आईचं वाक्य माझ्या नातीला माझ्याच घरात तिनं शिकवावं, आणि मी अडकित्ता हातात धरून नुसती ऐकत बसावं. मी उठून मोरीवर गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

तुला मी कधी सांगितलं नाही, पण पत्त्यांचा मला पहिल्यापासून राग आहे. ते घरात आलेच मुळी मी गेल्यावर. माझं लग्न झालं, मी अकोल्याला आले, आणि त्याच पावसाळ्यात बाबांनी कंपनीतून पत्त्यांचा जुना जोड आणला. बाबा त्या विलायती कंपनीत कारकून, रुई दाबून गाठी बांधायचा पेच होता तिथं. पावसानं काम बंद पडलं की साहेबाला करमत नसे, मग त्यानं बाबांना एकवीस शिकवलं, आणि जोडातली किलवरची तिर्री हरवली तेव्हा सबंध जोडच देऊन टाकला. बाबांनी कापसाच्या नमुन्याचा निळा कागद कापून तिर्री केली. घरी ते आणि दादा खेळायचे आणि तू वाती वळत पाहायचीस. मग एक दिवस तू म्हणालीस म्हणे, "मले वाटा दोन पानं." त्या दिवसानंतर त्या दोघांना तुझ्याकडून एक चिंचोका जिंकता आला नाही. हे सगळं मला दिवाळीला आल्यावर कळलं. त्याच पावसाळ्यानंतर घरात दुसरी वस्तू आली ती म्हणजे वहिनी. दर्यापूरकडची, तिथल्या एका खेड्यातली, काळ्या मातीतली. आई लहानपणीच गेलेली, काकूनं वाढवलेली. तिला आई नव्हती म्हणून तिनं माझी घेतली, असं मी तेव्हा मनात म्हणाले, आणि खरं सांगते, आजही म्हणते.

दिवस कसे होते ते आठव. अमेरिकेत कुठंतरी लढाई जुंपली होती आणि त्यापायी आपल्या वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी आली होती. अंजनगावच्या, अकोटच्या, दर्यापूरच्या गाड्या अमरावतीच्या बाजारात अशा येऊन थडकत की पहाटेपासून चाकांची करकर ऐकू येई. भाव चढत होता, आणि ज्याला विचारावं तो म्हणे, अजून चढंल. शेतकरी बायकोच्या अंगावर चांदी घालून भागलं नाही म्हणून बैलांच्या शिंगांना चांदी चढवत होते. तू म्हणायचीस, "तिकडं माणसं मरून राहिली, अन् इकडं बैल नटून राहिले." बाबा आणि दादा सकाळी जेवून जात ते दिवेलागणीला परत येत, भुवयांत रुईचे तंतू अडकलेले, आणि सगळं बोलणं गाठींचं. मधली सबंध दुपार तुमची दोघींची. स्वयंपाकघर सारवून झालं की तू चटई टाकायचीस, लुगड्याच्या ओच्यातून चिंचोके काढायचीस, आणि ती समोर मांडी घालून बसायची. माझ्या जागेवर. त्या जागेवर बसून मी तुझ्याकडून भाकरी थापायला शिकले, त्या जागेवर बसून मी तुझा मार खाल्ला.

पहिल्या दिवाळीला मी आले तेव्हा तू मलाही खेळायला बसवलंस. स्वयंपाकघरातला खेळ म्हणून तुझे शब्दही स्वयंपाकघरातले होते. पान हवं असलं की म्हणायचं 'वाढ', थांबायचं असलं की 'पुरे'. पंक्तीत म्हणतो तसंच. पुरे म्हणताना पंक्तीत ताटावर हात आडवा धरतात, तसा पानांवर धरायचा. मला गंमत वाटली. पण झालं काय, पंक्तीतला दुसरा रिवाजही त्याच्याबरोबर आला. माहेरवाशिणीचं 'पुरे' आईनं कधी ऐकून घेतलंय का? जेवायला बसले की मी पुरे म्हणायचे आणि तू पुरणपोळी माझ्या हातावरून ताटात सोडायचीस. पत्त्यांतही तेच सुरू झालं. मी चौदावर थांबायच्या विचारात असले की तुझा हात जोडावर जाई. "घे व. एक घे." मी म्हणे, "आई, फुटंल." "नाई फुटत. घे." मी घेई आणि फुटे. तू हसायचीस, ती हसायची, आणि तू माझे गेलेले चिंचोके मला परत द्यायचीस, वर दोन जास्त. तिला मात्र तू कधी परत दिले नाहीस. ती हरली तर हरली, आणि मग तू तिला सांगायचीस कुठं चुकली ते. मला कोणी सांगितलंच नाही कुठं चुकले. पाहुणीला कोण सांगतं.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात मी बाळंतपणाला आले. आता सारे दिवस माझे, असं मनात धरून आले होते. तू माझ्या पायांना तेल लावशील, माझ्याजवळ बसशील, आणि ती चुलीपाशी राहील. पौषात मुलगा झाला. त्यानंतरचा सव्वा महिना मी त्या मागच्या खोलीत बाजेवर, खाली शेगडी, खिडकीला गोणपाट, शेपा-ओव्याचा धूर, आणि मधे एक भिंत. तू माझं सगळं केलंस. कुठं कमी पडलीस असं म्हणणार नाही, म्हटलं तर जीभ झडेल. पण दुपारी मला निजवून, दार ओढून घेऊन तू जायचीस, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "वाढ." मग, "पुरे." मग तुझं हसणं. तू माझ्यापुढं तशी कधी हसली नाहीस, आई. माझ्यापुढं तू आईसारखी हसायचीस, तोंडावर पदर घेऊन. तिथं तू मोकळी हसायचीस, बरोबरीच्या बाईशी हसावं तशी. मूल छातीशी घेऊन मी अंधारात पडून असायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. मूल रडलं की मी त्याला लगेच घेत नसे, तू येशील म्हणून. तू यायचीस. हातात पत्ते तसेच असायचे.

आणि तरी माझं सगळं शिकणं त्या भिंतीतूनच झालं. तू तिला सांगत होतीस, मी ऐकत होते. "वाटणारीचं पान उताणं आहे ना? चौकी, पंजा, छक्की असली तं समज तिचा हात वाईट आहे. तिले मागणं भाग आहे, ती फुटते. आपण गप बसजो, तेरा असले तरी बसजो." ती म्हणे, "तेरावर कावून बसू आत्याबाई? तेरा काय जिंकते?" "तेरा नाई जिंकत. ती हरते. ते पाह्य." मग पुन्हा कधी, "तिचं सत्तीच्या वरचं दिसलं तं सोळावरही मागजो. भेऊ नको. बसून मरण्यापरीस मागून मेलेलं बरं." एक्क्याचं तू तिला सांगितलंस तेही माझ्या कानांत आहे. "एक्का हाती असला तं बिनधास्त मागजो. तो अकराचा असते, अन् गरज पडली की आपला आपण एकाचा होते. घरात एक माणूस तसं लागते." ती म्हणाली, "या घरात कोण आहे तसं?" आणि तुम्ही दोघी हसलात. मी तिकडं बाजेवर कूस बदलली. चित्रं किती पडून गेली ते ध्यानात ठेवायचं, जास्त गेली असली तर फुटायची भीती कमी, हेही मी ऐकलं. दिवसभर पडल्या पडल्या मनात पानं वाटायचे आणि तुझ्या रीतीनं खेळायचे. मनात मी फारशी फुटत नसे. म्हटलं, उठले की दाखवते.

फाल्गुन लागला आणि माझं जायचं निघालं. तुला आठवत असेल, माझ्या घरी सासू नव्हती. तुझे जावई नव्या सरकारी शाळेत मास्तर, सकाळी जायचे ते दुपारी उशिरा यायचे. तान्हं मूल घेऊन मी एकटी. मी तुला म्हणाले, तू चल माझ्याबरोबर, पावसाळा लागेपर्यंत राहा. बाबा म्हणाले, जा की, इथं सून आहे. तू हो म्हणत होतीस, पण तुझं हो तोंडातून बाहेर पडेना, कारण ती जेवेनाशी झाली. तोंडानं तिनं काही मागितलं असतं तर मी भांडले असते. पण ती नुसती भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवायची. एवढ्या घरात दिवसभर एकटी, कापसाचे दिवस, दोन पुरुषांची वेळीअवेळी जेवणं, आणि स्वतः जेमतेम न्हाण आलेली पोर. मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि तिचा आणखी राग येत होता. शेवटी एका दुपारी तू चटई टाकलीस आणि म्हणालीस, "दोघीही बसा. एकीचं मन मोडायचंच आहे. ते मी कावून मोडू? पत्त्याइले मोडू दे. एकच हात. जिचा हात वर तिच्यापाशी मी राहीन. दोघी जिंकल्या तं जिचे जास्त तिच्यापाशी." मी म्हटलं थट्टा करते आहेस. तुझ्या तोंडाकडं पाहिलं तर थट्टा नव्हती.

आज इतक्या वर्षांनीही मला तो हात दिसतो. तू वाटते आहेस. माझ्यापुढं बदामचा राजा आणि इस्पिकची छक्की. सोळा. वहिनीपुढं नव्वी आणि चौकी, तेरा. तिनं पानं उताणीच ठेवली आहेत, तिला लपवायचं सुचलं नाही. आणि तुझं उताणं पान आहे पंजा. चौकटचा पंजा, आई. भिंतीतून ऐकलेलं सगळं माझ्या डोक्यात एकदम उभं राहिलं. पंजा आहे, तिचा हात वाईट आहे, तिला मागणं भाग आहे, गप बस. सोळा तेरापेक्षा जास्त आहेत. मी नुसता हात आडवा धरला की तू माझी. चुलीवर दूध होतं, ते वर येत होतं, आणि कोणी उठत नव्हतं. मी हात उचलला. तेवढ्यात तुझा हात जोडावर गेला, आणि तू माझ्याकडं पाहून म्हणालीस, "घे व. एक घे."

मी म्हणाले, "वाढ."

अठ्ठी आली. चोवीस. मी फुटले. तू माझी पानं उचलून बाजूला ठेवलीस आणि वहिनीकडं पाहिलंस. तिला तू काही म्हणाली नाहीस. तिनं तेरांवर हात आडवा धरला. मग तू आपलं दुसरं पान उलटलंस, दश्शी, पंधरा झाले, आणि घेणं भाग म्हणून एक घेतलंस ती राणी. पंचवीस. तू फुटलीस आणि ती जिंकली. ती हसली नाही, एकदम उठली आणि दूध उतरवायला गेली. मी तिथंच बसून हिशोब करत होते. मी थांबले असते तर ती अठ्ठी तुला आली असती. पंधरा आणि आठ, तेवीस. तू त्या अठ्ठीनंच फुटली असतीस, माझे सोळा तिच्या तेरांवर होते, आणि तू दमणीत माझ्याशेजारी बसून अकोल्याला आली असतीस.

मला इतकी वर्षं एकच विचारायचं होतं. ते 'घे' तू मुद्दाम म्हणालीस का? तुला तिच्यापाशी राहायचं होतं आणि मला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं, म्हणून तू मला फोडलंस का? का नुसती सवय म्हणून, माहेरवाशीण समोर बसली की हात आपोआप पुढं जातो म्हणून? दोन्हींतलं कोणतंही उत्तर मला चालायचं नाही. मुद्दाम म्हणाली असशील तर तू तिची झालीस. सवयीनं म्हणाली असशील तर त्या हाताचं मोल तुला कळलंच नाही. आणि मी का घेतलं, तेही कोणी विचारेल. मला पंजा दिसत होता. मला रीत येत होती, तिच्याइतकीच येत होती. पण तू हात पुढं केलास, आणि तुझ्या हातचं मी आजवर कधी परतवलं नव्हतं. ती परतवू शकली असती. तिला तू कधी दिलंच नाहीस, म्हणून तिला परतवायचा प्रश्नच आला नाही.

वैशाखात अमरावतीत पटकीची साथ आली. माणूस निरोप घेऊन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मी पोचले ती दहाव्याला. तुझ्या उशापायथ्याशी शेवटचे दोन दिवस तीच बसली होती, तिनंच तुला पाणी पाजलं, तिनंच तुझे केस विंचरले. येणारी प्रत्येक बाई मला सांगत होती, लेकीसारखं केलं हो सुनेनं. मी मान हलवत होते. तू अकोल्याला असतीस तर वाचली असतीस, हे मी कोणालाही म्हटलं नाही. तिलाही नाही. पण तिच्या अंगावर तुझं ते जांभळं लुगडं पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, आणि मनातलं काही पुसलं जात नाही. पुढं कापसाचा भाव उतरला, साहेब विलायतेला गेला, बैलांच्या शिंगांवरची चांदी सोनारांच्या दुकानात आली. इकडं तुझ्या जावयांनी मला पाटीवर अक्षरं शिकवली. माझं 'मले' खोडून 'मला' करायचे ते, आणि मी रागानं पुन्हा 'मले' लिहायचे. आता हात वळला आहे, 'मला'च येतं. वहिनीला अक्षर येत नाही. तेवढं एक माझ्याकडं जास्त आहे, आणि ते मी मोजते.

आता कालचं उरलेलं. मोरीवरून मी परत आले तेव्हा पोरी पांगल्या होत्या. वहिनी ओसरीवर मेथी निवडत बसली होती, मीही जुडी घेऊन बसले. मग ती म्हणाली, "वन्स, एक बोलू? रागावसान नाई ना?" मी म्हटलं बोल. "मले तुमचा लई हेवा वाटे." मी म्हटलं, "माझा? माझ्या मेलीचा कसला हेवा?" ती म्हणाली, "आत्याबाई तुमाले 'घे घे' म्हणत. जेवताना म्हणत, पत्त्यात म्हणत. मले कधी म्हणल्या नाई. मी पुरे म्हणलं की त्या म्हणत, बरं. बस, तेवढंच. मी जेवणात मुद्दाम लवकर पुरे म्हणो, की आज तरी म्हणतीन. नाई म्हणल्या." खोटं कशाला सांगू, आई, मला फार बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, म्हातारी बाई मेथीत डोळे घालून सांगत होती. पण मला असं बरं वाटलं की मी तिच्या पुढ्यातली जुडीसुद्धा निवडून टाकली.

मग तिनं विचारलं, "माह्याबद्दल त्या काही बोलल्या का कधी तुमाले? म्हंजे माह्यामागं. तोंडावर तं त्या कधी काही नाई म्हणल्या."

त्या फाल्गुनात मी निघाले तेव्हा तू दमणीच्या बाजूनं चालत वेशीपर्यंत आली होतीस. मी तोंड फिरवून बसले होते. वेशीपाशी तू गाडी थांबवलीस, मुलाच्या टाळूवर हात ठेवलास, आणि तोंड माझ्या कानाशी आणून म्हणालीस, "रागावू नको. तू गेली तवा घर खायले उठे मले. या पोरीनं ते भरलं. ही माह्या पोटची नाई, हे मी कधी कधी इसरूनच जाते." मग गाडीवानाला म्हणालीस, हाक. मी मागं वळून पाहिलं नाही.

वहिनीला मी म्हणाले, "आठवत नाही गं. फार वर्षं झाली." ती "हाव, लई वर्षं झाली" म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

तिची गाडी उद्या सकाळची आहे. मी तिला दशम्या बांधून देईन, लुगडं-चोळी देईन, स्टेशनापर्यंत पोचवायला जाईन. ते वाक्य तिचं आहे, हे मला समजतं. तिनं आयुष्यभर वाट पाहिली असेल त्याची, आणि मला ते सांगायला बाजेवरून उठायचंही कारण नाही, हाक मारली तरी ती जागी होईल. पण त्यानंतर तू मला पुन्हा भेटली नाहीस, आई. तुझं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं तेवढंच आहे, आणि तेही तिच्याबद्दल आहे. ते मी तिला देणार नाही.